गाभ्यात काय आहे, विचारू नये

ऐका. ही गोष्ट त्या काळची, जेव्हा उंबरकड्यात पाणी बायकांच्या डोक्यावरून यायचं.

उंबरकडा हे गाव डोंगराच्या पाठीवर आहे आणि नदी डोंगराच्या पायाशी. मध्ये निसण. निसण म्हणजे कड्यात पाऊल मावेल एवढ्या खोबण्या पाडून केलेली उभी वाट. फार वर्षांपूर्वी या वाटेनं गावातली प्रत्येक बाई दिवसाला पाच-सहा वेळा खाली जायची आणि भरलेली घागर डोक्यावर घेऊन वर यायची. गरोदर बाई जायची, तापानं फणफणलेली जायची, जिच्या घरात दहा दिवसांपूर्वी मयत झालं तीसुद्धा जायची. दुःखाला सुट्टी होती, पाण्याला नव्हती.

गावात विहीर नव्हती असं नाही. रायाजी पाटलाच्या अंगणात एक होती आणि ती कधी आटली नाही. पण ती पाटलाची होती. ही गोष्ट सांगणारे पुष्कळ लोक हा भाग गाळतात. तो गाळायचा नाही.

तर या गावात ठमाआत्या होती. तिला नवव्या वर्षी दुसऱ्या गावी दिली, आणि मूल होईना म्हणून पंचविसाव्या वर्षी सासरच्यांनी आणून भावाच्या दारात सोडली. ती गावची लेक, म्हणून अख्ख्या गावाची आत्या. भावानं तिला गोठ्याशेजारची खोली दिली आणि घरची पाण्याची सगळी कामं दिली.

ती आली तेव्हा तिची आई जाऊन वर्ष झालं होतं. निरोप पोचला नव्हता, किंवा कुणी पोचवला नव्हता. आईची लुगडी वाटून झाली होती. आईचं म्हणून घरात काही उरलं नव्हतं. ठमाआत्या महिनाभर कुणाशी बोलली नाही. मग एके सकाळी चूल सारवताना तिच्या लक्षात आलं की हातातल्या पोतेऱ्याला, काळ्याकुट्ट झालेल्या त्या फडक्याला, एका बाजूनं हिरवा काठ आहे. तो काठ तिनं ओळखला. लहानपणी निसणीवरून उतरताना ती हाच काठ धरून चालायची.

तिनं ते पोतेरं नदीवर नेलं आणि राखेनं सात वेळा धुतलं. मग त्याची घट्ट गुंडाळी करून वाटोळं कडं केलं आणि त्यावर जुन्या धडुत्याच्या पट्ट्यांचे वेढे दिले. शेवटचं टोक आत खोचलं. गाठ नाही, शिवण नाही. झाली चुंबळ. ती डोक्यावर ठेवली, वर घागर घेतली आणि ती निसण चढली.

घरी भावजय ओरडत होती, “वन्सं, पोतेरं कुठं गेलं?”

“हरवलं.”

“पोतेरं कसं हरवतं? त्याला काय पाय फुटले?”

“फुटले असतील,” ठमाआत्या म्हणाली. महिनाभरातलं तिचं पहिलं बोलणं हे एवढंच. चुंबळीतला हिरवा काठ भावजयीनं पुढे कधीतरी पाहिला होता; तिनं हे स्वतः मरताना सांगितलं, म्हणून गावाला कळलं. नाहीतर कुणालाच कळलं नसतं.

असं म्हणतात की त्या दिवसापासून ठमाआत्याच्या घागरीतलं पाणी हिंदकळलं नाही. वादळात नाही, धावताना नाही. हात सोडून ती निसण चढायची आणि घागरीच्या काठावर साळुंक्या बसून पाणी प्यायच्या. चैत्रातल्या उन्हातसुद्धा ते पाणी पहाटेसारखं गार असायचं.

चुंबळी तर सगळ्याच बायका करत होत्या. जुनं फडकं पिळायचं, डोक्यावर ठेवायचं, त्यात काय मोठं! पण हिचं काही वेगळं आहे हे बायकांनी ओळखलं. एकदा पाणवठ्यावर चार जणींनी तिला घेरलं.

“आत्या, कसला मंत्र घातलाय सांगा.”

“मंत्र कसला? गाभा आहे.”

“कसला गाभा?”

“घरातलंच काहीतरी. जे टाकवत नाही आणि कुणाला दाखवता येत नाही, ते.”

“ओझं हलकं होतं का त्यानं?”

“छे! ओझं तेवढंच राहतं,” ठमाआत्या म्हणाली. “टोचायचं थांबतं.”

हे तिचं बोलणं. याच्यावर पुढे लोकांनी पुष्कळ रचलं. ती जादूगारीण होती, तिच्या अंगात यायचं, तिला नदीच्या तळाशी मणी सापडला होता. सगळं खोटं. बाईच्या हाताला अक्कल असते हे मान्य करण्यापेक्षा मणी सापडला म्हणणं लोकांना सोपं जातं.

मग बायका तिच्या खोलीवर यायला लागल्या. दुपारची जेवणं झाली की एक-एक जण पदराखाली काहीतरी घेऊन यायची. ठमाआत्या कडं कसं वळायचं ते दाखवायची, वेढा कुठे घट्ट आणि कुठे सैल ते दाखवायची, आणि गाभा घालायची वेळ आली की भिंतीकडे तोंड करून बसायची. “घाल आता. मी बघत नाही.” गाभा ज्याचा त्यानं घालायचा. त्यात काय आहे ते विचारायचं नाही. सांगितलं तर ऐकायचं, पण विचारायचं नाही. हा नियम तिनं घातला आणि तो एवढा एकच घातला.

काही जणी मोठ्यानं सांगायच्या. कोंडाबाई नावाची एक होती, ती पाणवठ्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “माझ्या गाभ्यात नवऱ्याच्या फेट्याची पट्टी आहे. एरवी डोक्यावर बसतोच, आता निदान घागरीखाली तरी बसेल!” नदीकाठ हसला. पण बऱ्याच जणी काही बोलत नसत. त्या फक्त आधीपेक्षा ताठ मानेनं चालायच्या.

दोन वर्षांत गावात बिनगाभ्याची चुंबळ उरली नाही. असं म्हणतात की सकाळच्या पहिल्या उन्हात बायकांची रांग निसण चढायला लागली की पलीकडच्या डोंगरावरचे गुराखी गुरं विसरून बघत उभे राहायचे. इतक्या बाया, इतक्या घागरी, आणि एकीचाही हात वर नाही.

त्या वर्षी हौसाचं मूल गेलं. हौसा ही धुरपदाबाईची धाकटी सून, अठरा वर्षांची. मुलगा पाच महिन्यांचा होता. दोन दिवस तापात होता आणि संपला.

आपल्याकडे तान्हं मूल गेलं तर ते पुरतात, आणि त्याचे सगळे कपडे त्याच्याबरोबर जातात. घरात चिंधी ठेवायची नाही. ठेवली तर मूल परत परत दाराशी येतं, आणि येताना दुसऱ्या कुणाला न्यायला येतं, असं लोक मानायचे. पुरुषांनी घर झाडून सगळं नेलं. दुपटं, झबलं, पाळण्याची दोरीसुद्धा. फक्त एक लाल टोपडं हौसानं पोलक्यात लपवलं.

तिसऱ्या दिवशी सासूनं तिला घागर दिली. हौसा खाली गेली, घागर भरली, आणि घागर तिथेच ठेवून डोहाकडे चालायला लागली. पाणी कमरेपर्यंत आलं तेव्हा मागून ठमाआत्यानं हाक मारली.

“हौसा, पोलक्यात काय आहे ते भिजेल.”

हौसा थांबली. तिनं छातीवर हात ठेवला. मग मागे वळली आणि काठावर येऊन बसली. ठमाआत्यानं आपल्या लुगड्याचा पदर टर्रकन फाडला. नेसतं लुगडं, आणि तिच्याकडे होती मोजून दोन. त्याच्या पट्ट्या काढून तिनं हौसाच्या मांडीवर ठेवल्या आणि स्वतः पाण्याकडे तोंड करून बसली.

“वळ,” ती म्हणाली. “घाई नाही. आधी आतलं घट्ट कर.”

कडं तीनदा सुटलं. चौथ्यांदा जमलं. मग ठमाआत्यानं तिच्या घागरीला हात लावला, घागर डोक्यावर चढवली, आणि दोघी वर आल्या. त्या दिवसानंतर हौसा जेवायला लागली. रडायलाही लागली. जगणारं माणूस या दोन्ही गोष्टी करतं.

पुढच्या उन्हाळ्यात गुरांना रोग आला. पंधरवड्यात चौदा जनावरं गेली. गाव घाबरलं, आणि घाबरलेलं गाव दोष कुणाचा ते शोधायला लागलं. त्याच दिवसांत हौसाची चुंबळ अंगणात पडली आणि तिचं खोचलेलं टोक सुटलं. आतून लाल कापड दिसलं. धुरपदाबाई समोरच दाणे निवडत होती. ते टोपडं तिनंच शिवलेलं होतं. आपल्या हातचा टाका कोण विसरेल?

“मेलेल्याचं कापड!” ती किंचाळली. “रोज डोक्यावर घेऊन गावातून हिंडतेस? घरात अजून दोन नातवंडं आहेत माझी!” तिचं चुकलं म्हणणं सोपं आहे. पण ती भीतीनं बोलली. एक नातू पुरून आलेली बाई होती ती.

तासाभरात गोष्ट चावडीवर गेली. आणि मग गावाला भलताच प्रश्न पडला. एकीच्या चुंबळीत हे निघालं, तर बाकीच्यांच्या चुंबळींत काय आहे? शेकडो चुंबळी, आणि एकाही पुरुषाला आपल्या बायकोच्या डोक्यावर काय आहे ते माहीत नव्हतं. त्याची त्यांना गुरांपेक्षा जास्त भीती वाटली, असं माझं स्पष्ट मत आहे.

रायाजी पाटलानं दवंडी पिटवली. उद्या सकाळी सगळ्या बायकांनी चुंबळी चावडीवर आणायच्या. प्रत्येक चुंबळ सगळ्यांसमोर उघडली जाईल. मेलेल्या माणसाचं जे निघेल ते जाळलं जाईल.

हौसा धावत ठमाआत्याच्या खोलीवर आली. तिच्यामागे आणखी बायका आल्या.

“आत्या, ते जाळलं तर माझ्याकडे काही उरत नाही,” हौसा म्हणाली. “चेहरासुद्धा नीट आठवत नाही आता. फक्त टोपडं आठवतं.”

ठमाआत्या उठून दारात आली. मग म्हणाली, “उद्या सकाळी नेहमीसारखं पाण्याला जायचं. घागर भरायची आणि थेट चावडीवर यायचं. घागर उतरवायची नाही. चुंबळ घागरीखाली आहे तोवर ती उघडतो कोण, बघू या.”

दुसऱ्या दिवशी ऊन वर यायच्या आत चावडीसमोर बायका उभ्या राहिल्या. डोक्यावर भरल्या घागरी, हात मोकळे. पहिल्या रांगेत हौसा, तिच्या शेजारी ठमाआत्या.

पाटील म्हणाला, “घागरी खाली ठेवा.”

कुणी हललं नाही.

“ऐकू येत नाही?”

“येतं की,” कोंडाबाई मागून म्हणाली. “डोक्यावर घागर आहे, कानात नाही.”

पाटलानं गड्यांना खूण केली. परक्या बाईच्या डोक्यावरची घागर पुरुषानं उतरवायची नसते, हे त्यालाही माहीत होतं. तरी त्यानं खूण केली. एक गडी पुढे आला आणि त्यानं हौसाच्या घागरीला हात घातला. असं म्हणतात की घागर हलली नाही. दुसरा आला. मग चौघांनी मिळून जोर लावला, त्यांच्या कपाळाच्या शिरा फुगल्या, पण घागर जणू डोंगरातूनच उगवली होती. आणि तिच्याखाली उभ्या असलेल्या त्या अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरीच्या मानेची एक शीरसुद्धा ताठली नव्हती. गडी मागे सरले. त्यांतल्या एकानं पायातलं पायताण काढून बाजूला ठेवलं, देवळात शिरावं तसं.

“उभ्या राहू देत,” पाटील म्हणाला. “दुपारपर्यंत आपोआप खाली बसतील.”

ऊन चढलं. वैशाखातलं ऊन. जमीन तापली. घरोघरी पाणी नव्हतं म्हणून चुली पेटल्या नाहीत, गुरं दाव्याला ओढ देऊन हंबरायला लागली. पुरुष कोरड्या घशानं पारावर बसून होते. आणि बायका उभ्या होत्या. असं म्हणतात की भर दुपारी त्या घागरींना बाहेरून घाम फुटला. थेंब थेंब पाणी खाली यायला लागलं, बायकांचे खांदे भिजले, पाय भिजले, आणि चावडीसमोरच्या त्या भाजलेल्या जमिनीतून ओल्या मातीचा वास उठला. तरी घागरी काठोकाठ भरलेल्याच होत्या. पारावरच्या पुरुषांनी एकेक करून डोक्यावरचे फेटे काढले आणि मांडीवर ठेवले.

तेव्हा पाटलाच्या वाड्याचं दार उघडलं.

लाडाबाई बाहेर आली. पाटलाची बायको. तिच्या अंगणात विहीर, तिला पाण्याला कधी जावंच लागलं नव्हतं. तिच्या डोक्यावर घागर होती. घागरीखाली चुंबळ होती, जुनी, दबलेली, रोज वापरलेली नसली तरी रोज हाताळलेली. ती सावकाश चालत आली आणि हौसाच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिली.

“पाटलीणबाई,” पाटील म्हणाला, “घरात जा.”

“पाणी आणलंय,” लाडाबाई म्हणाली.

पाटलानं त्या चुंबळीकडे पाहिलं. सगळ्या गावाला ठाऊक होतं की पाटलाला पहिली एक मुलगी होती. ती चार वर्षांची होऊन गेली. त्यानंतर त्या घरात तिचं नाव घ्यायची बंदी होती.

“तुमच्या चुंबळीत...” पाटील बोलायला लागला आणि थांबला.

“विचारा की,” लाडाबाई म्हणाली. “गावासमोर विचारा. मी सांगते.”

पाटलानं हात पुढे केला, जणू चुंबळीला लावणार आहे. मग तो हात त्यानं आपल्याच तोंडावरून फिरवला, जोडे घातले, आणि कुणाकडे न बघता वाड्यात निघून गेला. दवंडी परत घेतल्याची दवंडी झाली नाही. गरजही नव्हती.

तरी घागरी उतरेनात. बायका एकमेकींकडे बघत होत्या. मग गर्दीतून धुरपदाबाई पुढे आली. सुनेसमोर उभी राहिली आणि चौघा गड्यांना न हलवता आलेली ती घागर तिनं दोन हातांनी अलगद उतरवून खाली ठेवली. हौसाच्या डोक्यावरून चुंबळ उचलली. सुटलेलं टोक चाचपलं.

“टाके कच्चे होते माझे,” ती म्हणाली. “घाईत शिवलं होतं. नीट आत खोच, पुन्हा पडेल.” आणि सासू-सुना तिथेच, सगळ्यांसमोर, गळ्यात पडून रडल्या.

आता देवळाच्या भिंतीवर एक पाटी आहे. त्यावर लिहिलंय की रायाजी पाटलांनी त्या दिवशी दयाळूपणे आपली विहीर गावाला खुली केली. हे धादांत खोटं आहे. विहीर पुढची बावीस वर्षं बंदच होती. बायका निसण चढतच होत्या. त्यांनी त्या दिवशी पाणी मिळवलं नाही. आपल्या डोक्यावर काय आहे ते आपलं आपल्याकडे ठेवण्याचा हक्क मिळवला. पाटी लावणाऱ्यांना हे लिहायला लाज वाटली असावी.

चावडीसमोर बायका उभ्या होत्या तिथे आजही भर उन्हाळ्यात हिरवं गवत असतं. शहाणे लोक सांगतात, खाली झरा असेल. असेल. मग त्या दिवसाआधी तो कुठे गेला होता?

ठमाआत्या खूप जगली. ऐंशीच्या पुढे गेल्यावरही दिवसाची एक खेप करायची. एका सकाळी निसणीच्या मधल्या वळणावर ती उभी राहिली आणि मागच्या बाईला म्हणाली, “घागर जरा घे गं.” घागर उतरवली, तशी ती खोबणीत टेकून बसली, आणि बसल्या जागी गेली. असं म्हणतात की ती घागर मग कुणाच्याही डोक्यावर चढली नाही. बायका निसणीवर वरपर्यंत उभ्या राहिल्या आणि घागर हातातून हातात वर गेली. शेवटच्या हातात पोचली तेव्हा ती मूळ होती त्याहून जड झाली होती, कारण वाटेत प्रत्येकीचं थोडं पाणी तिच्यात पडलं होतं. त्याच पाण्यानं तिला शेवटची आंघोळ घातली.

आता उंबरकड्यात घरोघरी नळ आहेत. तरी अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी गावातल्या बायका चुंबळी घेऊन निसण उतरतात आणि एक-एक घागर वर आणतात. तिला ‘आत्याची खेप’ म्हणतात. नळ आले त्या वर्षी एक इंजिनिअर हसून म्हणाला, “अहो बाई, पाणी दारात आलंय!” त्याला उत्तर मिळालं, “पाण्याला कोण चाललंय?”

आणि गावात कुणाच्या घरी मयत झालं की बाराव्यानंतर शेजारणी येतात. प्रत्येकीच्या हातात आपल्या घरातल्या जुन्या साडीची, चादरीची, परकराची एक फाडलेली पट्टी असते. पट्ट्या अंगणात ठेवतात आणि दाराकडे पाठ करून बसतात. आतलं माणूस आपला गाभा आपण वळतं. बाजारातून विकत आणलेलं काही त्यात चालत नाही.

अलीकडे नामदेव शेलार नावाच्या एसटीच्या निवृत्त ड्रायव्हरची बायको गेली. मूलबाळ नाही. शेजारणींना प्रश्न पडला. पुरुषाच्या दारात कधी पट्ट्या नेल्या नव्हत्या. वयानं सगळ्यांत मोठी होती ती शांताक्का म्हणाली, “आत्यानं एकच नियम घातला होता. त्यात बाई-पुरुष असं काही नव्हतं.” मग पट्ट्या नेल्या. नामदेवनं त्या उचलल्या, दार लावलं आणि दीड तास बाहेर आला नाही. अंगणात बायका पाठ करून बसल्या होत्या. शेवटी दार वाजलं. त्याच्या हातात एक वाकडंतिकडं, एका बाजूला फुगलेलं, दुसऱ्या बाजूला चिंध्या लोंबणारं काहीतरी होतं.

कुणी विचारलं नाही आत काय आहे. शांताक्कानं ते वरून खाली पाहिलं आणि म्हणाली, “नामदेवभाऊ, ही चुंबळ आहे की भजं?”

नामदेव हसला. बायको गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यानं पुसलं नाही. त्या वर्षीच्या खेपेला तो ती चुंबळ घेऊन निसणीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला, आणि बायकांनी एकेक पाऊल सरकून रांगेत त्याला जागा करून दिली.